घोळणा पुन:पुन्हा फुटत असेल तर...

उन्हाळा सुरू झाला की माझ्या दवाखान्यात घोळणा फुटलेली मुले येऊ लागतात. रक्ताने भिजलेला टॉवेल, नाकाशी कांदा आणि मागे टाकलेली मान. मान मागे टाकल्याने रक्त थांबत नाही, ते घशात उतरते एवढेच. मग मळमळते, रक्ताची उलटी होते आणि घरची मंडळी आणखी घाबरतात.

खरा उपाय साधा आहे. बसावे, मान थोडी पुढे झुकवावी आणि नाकाचा मऊ भाग चिमटीत घट्ट धरून तोंडाने श्वास घ्यावा. १० ते १५ मिनिटे चिमटी सोडायची नाही. मध्येच सोडून पाहण्याचा मोह आवरावा.

हा उपाय लागू पडतो, कारण दहापैकी नऊ वेळा रक्त नाकाच्या मधल्या पडद्याच्या पुढच्या भागातून येते. तिथे चार-पाच रक्तवाहिन्यांच्या टोकांचे जाळे असते. कोरड्या हवेने खपली धरते, बोट लागले की ती निघते. तिथूनच वरचेवर रक्त येत असेल तर जागा बधिर करून सिल्व्हर नायट्रेटने रक्तवाहिनी बंद करता येते. काम काही मिनिटांचे. मात्र पडद्याच्या दोन्ही बाजूंना एकाच बैठकीत हा उपचार करणे आम्ही टाळतो, नाहीतर पडद्याला भोक पडण्याचा धोका असतो.

अडचण होते ती रक्त नाकाच्या मागच्या भागातून येते तेव्हा. एक एसटीचालक माझ्याकडे आले होते. वय पन्नाशीच्या पुढे, रक्तदाब वाढलेला. नाकात औषधी पट्टी ठासून भरण्याचा, म्हणजे 'पॅक'चा, उपचार दोनदा झालेला. तिसऱ्यांदा तो मीच केला. दोन-तीन दिवस तोंडाने श्वास, झोप नाही, डोके ठणकते. पॅक काढला, नाक कोरडे. पंधरवड्याने पुन्हा रक्त, तेही घाटात. ते म्हणाले, "डॉक्टर, मला रक्ताचं भय नाही. पण माझ्या मागं पन्नास माणसं बसलेली असतात." पॅक पुन्हा घालण्याऐवजी शस्त्रक्रियेचा विचार मी आधीच करायला हवा होता, हे मला तेव्हा कळले.

रक्तदाब आटोक्यात आणला, रक्त गोठण्याच्या तपासण्या केल्या आणि पूर्ण भूल देऊन दुर्बिणीतून शस्त्रक्रिया केली. नाकाच्या मागच्या भागाला रक्त पुरवणारी मुख्य धमनी जिथून नाकात शिरते, तिथे तिला क्लिप लावून किंवा विजेच्या उष्णतेने बंद करतात. बाहेर कुठेही छेद नाही. नाकाला इतर वाहिन्यांतूनही रक्त मिळत असल्याने इजा होत नाही. पूर्वी यासाठी वरच्या ओठाखालून गालाच्या पोकळीत शिरावे लागे किंवा गळ्यातली धमनी बांधावी लागे. गळा रक्तस्रावाच्या जागेपासून दूर, त्यामुळे रक्त दुसऱ्या वाटेने पुन्हा येई.

ही शस्त्रक्रिया बहुतेकांना गुण देते, सर्वांना नाही. नाकाच्या वरच्या भागात डोळ्याच्या धमनीची शाखा रक्त आणते. रक्त तिथून येत असेल तर ती वेगळी बांधावी लागते. काही दिवस नाकात खपल्या धरतात, कधी टाळू किंवा वरचे दात बधिर वाटतात.

तीन गोष्टी लक्षात ठेवा. वयात येणाऱ्या मुलाची एकच नाकपुडी सतत चोंदत असेल आणि तिच्यातून रक्त येत असेल, तर आत रक्तवाहिन्यांची गाठ असू शकते. तिथे तुकडा काढून पाहू नये, आधी स्कॅन करावे. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना सांगा, पण स्वत:च्या मनाने बंद करू नका. आणि अर्ध्या तासात रक्त थांबले नाही, तर घरी वाट न पाहता रुग्णालय गाठा.

त्या चालकांचा घोळणा पुन्हा फुटला नाही. निवृत्त होईपर्यंत त्यांनी घाटातली गाडी चालवली. रक्तदाबाची गोळी मात्र आजही ते न चुकता घेतात.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)