कान्हेरीची वाट आणि कातळातले पाणी

मुंबईला तुम्ही कधी ना कधी गेला असालच. कोणाचा मुलगा तेथे नोकरीला असतो, कोणाची लेक घाटकोपरला किंवा मुलुंडला दिलेली असते, कोणाला दवाखान्याच्या निमित्ताने जावे लागते. मग राणीची बाग पाहायची, चौपाटीवर पाय भिजवायचे, चार वस्तू घ्यायच्या आणि रात्रीच्या गाडीने परत निघायचे, असा आपला शिरस्ता. पुढच्या खेपेस एक सकाळ राखून ठेवा. बोरिवलीला उतरा आणि कान्हेरीच्या डोंगरावर पायी चढून या. देवदर्शन नाही, बाजारहाट नाही, तरी तेथून तुम्ही रिकाम्या हाताने परतणार नाही. शेतकऱ्याच्या कामाची एक मोठी गोष्ट त्या डोंगराने जवळजवळ दोन हजार वर्षे सांभाळून ठेवली आहे.

फाटकापासून लेण्यांपर्यंत

बोरिवली स्टेशनच्या पूर्वेला उतरले की संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचे फाटक जवळच आहे. सुमारे १०४ चौरस किलोमीटरचे हे जंगल मुंबई आणि ठाण्याच्या वस्तीने चहूबाजूंनी वेढलेले आहे. फाटकातून कान्हेरी लेणी साधारण ६ किलोमीटर. वर जायला बस मिळते, पण पाय धड असतील तर सकाळच्या गारव्यात चालतच जा. रोज शेताच्या बांधावरून फिरणाऱ्या माणसाला ही चाल काहीच नाही. एवढे मात्र ध्यानात ठेवा, की सोमवारी उद्यान बंद असते आणि लेण्यांचे तिकीट वेगळे काढावे लागते. जंगलात बिबट्याचा वावर आहे, म्हणून रस्ता सोडून आत शिरू नये आणि पोरांना एकटे पुढे धावू देऊ नये.

मी फाल्गुनात गेलो होतो. पळस फुलला होता, सागाची पाने गळून पायाखाली करकर वाजत होती. ऐन, काटेसावर, बांबू, करवंदाच्या जाळ्या, सगळी आपल्या ओळखीची मंडळी. उतारावर कारवीची खोडे दाटीने उभी होती. या डोंगरातली कारवी साधारण आठ वर्षांतून एकदा फुलते, तेव्हा सारा उतार जांभळा होतो म्हणतात. रस्त्याच्या कडेने दहिसर नदी सोबत करते. पावसाळ्यात फेसाळत धावणारी ही नदी फाल्गुनात सुकत आली होती. दगडधोंड्यांतून चार डबकी तेवढी उरली होती, त्यांच्या काठी माकडे पाणी पीत बसली होती.

ती डबकी पाहून माझ्या मनात एकच प्रश्न आला. खालची नदी फाल्गुनात आटते, तर वर डोंगराच्या माथ्याजवळ शेकडो वर्षे माणसे राहिली ती कोणत्या पाण्यावर?

लोहाराने दिलेली वाट, सोनाराने दिलेले टाके

कान्हेरीचे जुने नाव कण्हसेल, म्हणजे कृष्णशैल, काळा डोंगर. या काळ्या कातळात शंभराहून अधिक लेणी आहेत. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकाच्या सुमारास खोदकाम सुरू झाले आणि दहाव्या-अकराव्या शतकापर्यंत येथे राबता होता. येथे बौद्ध भिक्खू राहत, शिकत, शिकवत. तिसऱ्या क्रमांकाचे लेणे म्हणजे मोठे चैत्यगृह. ते सातवाहन राजा यज्ञश्री सातकर्णीच्या काळातले. त्याच्या ओसरीत दोन्ही बाजूंना बुद्धाच्या सुमारे ७ मीटर उंचीच्या उभ्या मूर्ती आहेत, त्या मागाहून कोरलेल्या आहेत.

हा सगळा खर्च कोणी केला? भिंतींवर ब्राह्मी लिपीत कोरलेले लेख त्याचे उत्तर देतात. दिवंगत विदुषी डॉ. शोभना गोखले यांनी या लेखांचा कसून अभ्यास केला आणि १९९१ साली त्यावर ग्रंथ प्रसिद्ध केला. लेखांत कल्याण, सोपारा, चौल, नाशिक अशा गावांची नावे आहेत. दाते बहुतेक व्यापारी आणि कारागीर. कल्याणच्या एका लोहाराने येथे वाट करून दिली, तिथल्याच एका सोनाराने पाण्याचे टाके खोदून दिले. आणि शेतकऱ्याला विशेष वाटेल अशी नोंद म्हणजे मंगलठाण गावातले एक शेत भिक्खूंच्या निर्वाहासाठी कायमचे लावून दिले होते. हे मंगलठाण म्हणजे आजचे बोरिवलीचे मागाठाणे. आज जेथे इमारतींची दाटी आहे, तेथे एके काळी नांगर चालत होता.

त्या काळी सोपारा आणि कल्याण ही बंदरे भरभराटीला आलेली होती. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक दर्यावर्दीच्या वर्णनात या दोन्ही बंदरांची नावे आहेत. अरबस्तान, इराण, मिसर येथवर जहाजे जात. पुढे इसवी सन १००९ आणि १०२१ मध्ये पारशी यात्रेकरू कान्हेरीला येऊन गेले आणि त्यांनी पहलवी लिपीत आपली नावे कातळावर कोरून ठेवली. तेव्हा तुम्ही आज ज्या पायऱ्या चढाल, त्यांवरून दूरदूरची पावले गेली आहेत.

पोढी म्हणजे काय

लेख वाचता येत नसले तरी पाणी प्रत्येकाला वाचता येते. लेण्यांच्या पायऱ्या चढताना नजर जरा खाली आणि जरा वर ठेवा. जवळजवळ प्रत्येक राहत्या लेण्याच्या अंगणाशेजारी कातळात एक चौकोनी तोंड दिसेल. आत डोकावले तर खाली पाण्याचे टाके. शिलालेखांत त्याला ‘पानीयपोढी’ म्हटले आहे. तोंड लहान आणि पोट मोठे, अशी त्याची घडण. तोंड लहान असल्याने ऊन आत फारसे पोहोचत नाही, पाणी थंड राहते, वाफ होऊन कमी उडते, पालापाचोळाही कमी पडतो. मी गेलो तेव्हा खाली नदी सुकत आलेली आणि वर कितीतरी पोढ्यांत पाणी होते.

आता वर पाहा. लेण्याच्या माथ्यावर कातळात बोटा-दोन बोटांच्या, कोठे वीतभर रुंदीच्या पन्हळी कोरलेल्या आहेत. डोंगरमाथ्यावर पडलेला पाऊस या पन्हळींतून वळवून थेट पोढीत सोडला आहे. पाणी लेण्याच्या दारात गळू नये आणि वायाही जाऊ नये, अशी दोन्ही कामे एकाच पन्हळीने साधली. पाणी उचलून न्यायचे नाही, उतारानेच यायचे. इंजिन नाही, वीज नाही, पंप नाही. जेथे राहायचे तेथेच छप्पर, त्या छपराचे पाणी, आणि त्या पाण्याचे टाके.

याच डोंगररांगेत इंग्रजांच्या अमदानीत १८६० साली विहार तलाव आणि १८७९ साली तुळशी तलाव बांधून पुरा झाला, आणि मुंबई शहराला नळाचे पाणी मिळू लागले. त्याच जंगलावर पडणारा पाऊस, भिक्खूंनी तो घरापुरता अडवला, शहराने तलाव बांधून अडवला. आणि जेथे तो अडत नाही तेथे काय होते, तेही मुंबईने पाहिले आहे. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि या डोंगरातूनच निघणाऱ्या मिठी नदीने काठच्या वस्त्या बुडवल्या.

समुद्रापलीकडचे भाऊबंद

आपल्या गावातले काही जण मस्कतला नोकरीला गेलेले असतील. त्यांना विचारा. ओमानच्या उघड्याबोडक्या डोंगरांत जुन्या पायवाटा आहेत आणि कित्येक वाटांच्या कडेने पाण्याचे अरुंद पाट वाहतात. त्यांना तेथे ‘फलज’ म्हणतात. झऱ्याचे किंवा जमिनीखालचे पाणी नुसत्या उताराने कोसभर दूर आणून खजुराच्या बागांना द्यायचे, अशी ती रीत. पाण्याची पाळी वेळेवर ठरते. पूर्वी दिवसा सावलीवरून आणि रात्री ताऱ्यांवरून ती मोजत. असे पाच फलज २००६ साली युनेस्कोने जागतिक वारशात घेतले. आपल्या धुळे-नाशिककडची पांझरा आणि मोसम नद्यांवरची फड पद्धत याच जातीची. बंधारा गावाचा, पाट गावाचा, आणि पाळी सर्वांनी मिळून पाळायची. पाणी कमी असते तेथे माणसे शहाणी होतात, हे दोन्ही किनाऱ्यांवर खरे ठरले आहे.

माझी एक चूक

येथे मला एक कबुली द्यावीशी वाटते. नोकरीच्या सुरुवातीच्या काळात मी एका शेतकऱ्याला शेततळे घ्यायला लावले. जागा सोयीची होती, रस्त्याच्या जवळ होती, कागदावर सगळे बसत होते. त्याची म्हातारी आई म्हणाली, “साहेब, हितं मुरूम हाय, पाणी ऱ्हायचं न्हाई.” मी पदवीच्या तोऱ्यात ते कानाआड केले. श्रावणात तळे काठोकाठ भरले आणि दिवाळीला तळाशी भेगा पडल्या. त्या वर्षी त्या घराचा हरभरा पाण्यावाचून गेला. म्हातारीने मला पुढे कधी शब्दाने दुखवले नाही, तेच मला अधिक लागले.

कान्हेरीच्या पोढीकाठी बसलो तेव्हा ती म्हातारी आठवली. ज्यांनी या पोढ्या खोदल्या त्यांनी आधी दगड ओळखला. अखंड, बिनभेगेचा काळा पाषाण असेल तेथे पाणी साठवायचे. आपल्या शेतातला नियमही तोच आहे. काळी चिकण माती किंवा अभंग कातळ असेल तर पाणी साठवा. मुरूम किंवा फुटका, सांधे असलेला दगड असेल तर तेथे पाणी जिरवा, ते विहिरीला लागेल. मुरमाड जागेत साठवायचेच असेल तर ५०० मायक्रॉन जाडीचा चांगला प्लास्टिक कागद अंथरल्यावाचून तळे करू नका. आणि जागा ठरवताना घरातल्या जुन्या माणसाला एकदा विचाराच.

आपल्या घराची पोढी

आता तुमच्या घराचा हिशेब करू. एक चौरस मीटर छपरावर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लीटर पाणी मिळते. तुमच्या घराचे छप्पर ५० चौरस मीटर आहे आणि गावात वर्षाला ५०० मिलिमीटर पाऊस पडतो असे धरा. म्हणजे २५,००० लीटर पाणी छपरावर पडते. गळती, उडती वजा जाता २०,००० लीटर सहज हाती लागावे. पाच माणसांच्या घराला पिण्यासाठी आणि स्वयंपाकासाठी माणशी रोज १० लीटर धरले, तर माघ संपल्यापासून मृगापर्यंतच्या १२० दिवसांना ६,००० लीटर पुरतात. २ मीटर लांब, २ मीटर रुंद आणि दीड मीटर खोल एवढ्या टाक्यात ते मावतात. म्हणजे कोरडवाहू गावातल्या लहान घरालाही ऐन उन्हाळ्यात टँकरची वाट पाहण्याचे कारण उरत नाही, आणि घरच्या बाईची डोक्यावर हंडा घेऊन होणारी पायपीट वाचते.

काम साधे आहे, पण काळजीचे आहे. पावसाळ्याआधी छप्पर झाडून घ्यावे. पन्हळीला टाक्याकडे उतार द्यावा. पहिल्या दोन-तीन सरींचे पाणी बाहेर सोडावे, कारण त्यात धूळ आणि पक्ष्यांची घाण असते. टाक्याच्या तोंडाशी वाळू-खडीचा गाळणा ठेवावा आणि त्यावर बारीक जाळी बसवावी. कान्हेरीप्रमाणे तोंड लहान ठेवून त्याला घट्ट झाकण करावे, म्हणजे डास होणार नाहीत, उजेडाने शेवाळ धरणार नाही आणि पोरेबाळे आत पडण्याची भीती राहणार नाही. पिण्याचे पाणी उकळून किंवा औषध टाकून वापरावे. दर वर्षी वैशाखात टाके रिकामे करून घासावे. हे शेवटचे काम कोणाचे, ते घरात आधीच ठरवून टाकावे. माझ्या पाहण्यात बिघडलेली टाकी बहुतेक बांधकामाने बिघडली नाहीत, झाडलोट न झाल्याने बिघडली.

लेण्यांवरून उतरताना एक बाई आपल्या मुलाला पोढीत डोकावू देत होती. पोर म्हणाले, “आई, इथे नळ कुठे आहे?” ती हसली आणि तिने वर कातळातल्या पन्हळीकडे बोट दाखवले. मुंबईच्या मुलाला ते नवल वाटले. आपल्या मुलांनाही ते नवल वाटण्याची वेळ आली आहे, कारण गावोगावचे जुने आड आणि बारवा गाळाने बुजत चालल्या आहेत.

म्हणून कान्हेरीला जमेल तेव्हा जा, पण येत्या रविवारी सकाळी मुलांना घेऊन आपल्या शिवारातून एक फेरी जरूर मारा. जुनी पाऊलवाट धरा. कोठे आड आहे, कोठे बुजलेली बारव आहे, पावसाचे पाणी कोठून येते आणि कोठून निसटते, ते पाहून ठेवा. तहान लागल्यावर विहीर खणणे कोणालाच परवडत नाही. मृगाला अवकाश आहे तोवर एक पन्हळ आणि एक टाके एवढे तरी हातून होऊ द्या.