अजमानची पाखरे आणि आपली नावे

वाचकहो, "ति. बाबांस सा. न. वि. वि." अशी सुरुवात असलेले एखादे जुने पत्र आपल्यापैकी काही घरांत अजून पेटीत जपून ठेवलेले असेल. आम्ही एकदा हीच ओळ वर्गात फळ्यावर लिहिली आणि मुलांना अर्थ विचारला. एकालाही सांगता आला नाही. ति. म्हणजे तीर्थरूप, आणि पुढची अक्षरे म्हणजे साष्टांग नमस्कार विनंती विशेष, असे आम्ही सांगितले. तेव्हा एक मुलगी म्हणाली, "मग पूर्ण का नाही लिहिले, गुरुजी?"

त्या वेळी आम्ही काहीतरी उत्तर देऊन वेळ मारून नेली. खरे उत्तर आम्हाला डिसेंबरच्या सुट्टीत अजमानला मिळाले, आणि तेही पाखरांच्या निमित्ताने.

अजमान ही संयुक्त अरब अमिरातीतील सात अमिरातींपैकी सर्वांत लहान. आमचा मावसभाऊ तेथे नोकरीला आहे. त्याच्या कचेरीत रत्नागिरीकडचे दोघे आणि सोलापूरचे एक गृहस्थ आहेत. सुट्टीच्या दिवशी पहाटे ही मंडळी दुर्बीण आणि वही घेऊन अल झोरा येथील खाडीवर पक्षी पाहावयास जातात. "गुरुजी, तुम्हीही चला," असा आग्रह झाला आणि आम्ही निघालो.

वाळवंटाच्या देशात एवढे हिरवे काही पाहावयास मिळेल असे वाटले नव्हते. खाऱ्या पाण्यात तिवरांची दाट झाडी होती, आपण मॉरिशसमध्ये ज्यांना मांग्लिये म्हणतो त्यांच्याच जातकुळीची. ओहोटीच्या चिखलात रोहित पक्षी एका पायावर उभे होते. पलीकडे उंच इमारती दिसत होत्या. सुमारे १९५ हेक्टरांची ही जागा २०१६ साली रामसर यादीत, म्हणजे जगातील महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत, दाखल झाली आहे.

आमचे सोबती एकमेकांशी जे बोलत होते ते मात्र आम्हाला मुळीच कळेना. "जी. एफ. बेचाळीस." "डब्ल्यू. आर. एच. दोन." "तिकडे सी. टी. बघ!" एक जण बोले, दुसरा वहीत उतरवी. विचारल्यावर उलगडा झाला. जी. एफ. म्हणजे ग्रेटर फ्लेमिंगो, आपला रोहित. डब्ल्यू. आर. एच. म्हणजे वेस्टर्न रीफ हेरॉन, समुद्रकाठचा बगळा. थवा उडाला की क्षणात दिसेनासा होतो. पूर्ण नाव लिहीत बसले तर मोजणी चुकते. म्हणून ही अक्षरे.

मग सी. टी. वरून वाद झाला. एकाने कॅस्पियन टर्न पाहिला होता, दुसऱ्याने कॉमन टर्न असे समजून लिहिले. दोन्ही सुरयच, पण पहिला चांगला मोठा, लालभडक जाड चोचीचा. दुसरा लहान आणि सडपातळ. अक्षरे मात्र तीच! अमेरिकेत पक्ष्यांच्या पायांत कडी घालणाऱ्या लोकांनी प्रत्येक पक्ष्याला चार अक्षरे दिली आहेत. तेथेही बार्न आउल आणि बार्ड आउल या दोन घुबडांची अक्षरे नियमाप्रमाणे एकच होऊ लागली, तेव्हा दोघांनाही वेगळी अक्षरे द्यावी लागली.

सोलापूरच्या गृहस्थांनी वहीचे पहिले पान आम्हाला उघडून दाखविले. त्यावर लिहिले होते, "किल्ली". प्रत्येक संक्षेपापुढे पूर्ण इंग्रजी नाव होते, आणि ठाऊक असेल तेथे मराठी नावही. ते म्हणाले, "एल. एस. पी. म्हणजे लेसर सँड प्लव्हर, असे आम्ही वर्षानुवर्षे लिहीत आलो. आता शास्त्रज्ञ म्हणतात, हा एक पक्षी नव्हे, दोन आहेत, एक तिबेटी आणि एक सैबेरियन. जुन्या वह्यांत नुसतीच तीन अक्षरे असती तर काय कळले असते? जेथे आम्ही रंग, चोच, दिवस आणि जागा टिपून ठेवली आहे, तेथे निदान विचार तरी करता येतो."

अशा वह्यांचे मोल थोडे नाही. एखाद्या पाणपक्ष्याच्या एकूण संख्येपैकी शंभरात एक पक्षी एखाद्या जागी नियमाने येत असेल, तर ती जागा रामसरच्या नियमांप्रमाणे महत्त्वाची ठरू शकते. पण कोणीतरी मोजले असेल तरच ना! पोर्ट लुईजवळची आपली तेर रूज नदीमुखाची जागाही २००१ सालापासून याच यादीत आहे. कर्ल्यू सँडपायपर नावाचा वाकड्या चोचीचा छोटा पक्षी सैबेरियाच्या उत्तर टोकाला अंडी घालतो. हिवाळ्यात तो आखाताच्या किनाऱ्यावर दिसतो आणि आपल्या तेर रूजच्या चिखलातही उतरतो. अजमानची वही आणि आपली वही यांचा असा संबंध आहे.

परतताना रत्नागिरीकर भाऊंनी आम्हाला विचारले, "तुमच्याकडे शिपाई बुलबुल आहे का?" आम्ही नाही म्हणालो. त्यांनी चित्र दाखविले. डोक्यावर काळा तुरा, गालावर लाल ठिपका. अहो, हा तर आपला कोंदे! अंगणातल्या पेरूवर रोज बसणारा. मार्तें म्हणजे साळुंकी, हे आम्हाला ठाऊक होते. टोळ खाण्यासाठी तिला अठराव्या शतकात भारतातून आपल्या बेटावर आणले. पण कोंद्याचे आपल्या भाषेतले नाव चाळिशी उलटलेल्या मराठीच्या शिक्षकाला अजमानला जाऊन कळावे, याची आम्हाला लाज वाटली.

त्या रात्री आम्हाला घरातला एक कागद आठवला. आमच्या पणजोबांचे वडील जहाजातून उतरले तेव्हाच्या नोंदीची ती नक्कल आहे. नाव आहे, वय आहे. गावाच्या जागी कोणा कारकुनाने घाईत चार अक्षरे लिहिली आहेत. ती रत्नागिरी जिल्ह्यातल्या चार-पाच गावांना लागू पडतात. आमच्या वडिलांनी जन्मभर शोध केला. किल्ली नव्हती. ते गाव न सापडताच गेले.

मुलीच्या प्रश्नाचे उत्तर आता आम्ही असे देऊ. पूर्ण लिहिले नाही, कारण लिहिणाऱ्याला आणि वाचणाऱ्याला ते पूर्ण ठाऊक होते. संक्षेपात दोष नाही. पूर्ण नाव जाणणारा शेवटचा माणूस गेला, की मात्र अक्षरे मुकी होतात.

तेव्हा बंधुभगिनींनो, या सुट्टीत एवढे करा. एक वही घ्या. मुलांना घेऊन अंगणात किंवा तेर रूजला जा. जे पाखरू दिसेल ते लिहा, क्रेओल नाव लिहा, मराठी नाव आजीला विचारून लिहा. त्याच वहीत घरातल्या वडीलधाऱ्यांची पूर्ण नावे आणि ऐकलेली गावेही लिहून ठेवा. आणि पहिले पान कोरे सोडू नका. ते किल्लीसाठी आहे.