बॉनेटखाली, भाग ८ : पहिले दोन सेकंद

आमच्या सोसायटीचे रखवालदार मामा म्हणतात, गाडीतलं आपल्याला काही कळत नाही. पण तिसऱ्या मजल्यावरच्या काकांची पेट्रोल गाडी बिघडल्याचं काकांच्या आधी मामांना कळलं होतं. "सकाळी सुरू केली की डब्यात खिळे हलवल्यासारखं वाजतं, काका." काकांनी तो आवाज कधीच ऐकला नव्हता. काचा बंद, आणि सेल्फ मारायच्या आधीच रेडिओ सुरू.

काकांनी गाडी एका गॅरेजला दाखवली. पाच मिनिटांत निदान झालं: टायमिंग चेन गेली, पुढचं कव्हर उघडावं लागेल. आकडा ऐकून काका माझ्याकडे आले. मी मामांनाच वर बोलावलं आणि एकच विचारलं, "किती वेळ वाजतं?"

"दोन-तीन सेकंद. मग गप."

चेनच्या बाबतीत आवाज कसा आहे यापेक्षा तो कधी येतो आणि किती टिकतो, याला जास्त किंमत आहे. 'खुळखुळ', 'खडखड', 'टकटक' हे शब्द प्रत्येकाच्या तोंडी वेगळे असतात. घड्याळ मात्र सगळ्यांचं सारखं चालतं.

आधी चेन करते काय ते बघू. क्रँकशाफ्टचे दोन फेरे होतात तेव्हा कॅमशाफ्टचा एक फेरा व्हायला हवा, कारण व्हॉल्व्हची उघडझाप त्याच हिशेबाने ठरलेली असते. हा हिशेब चेन राखते. क्रँकच्या चाकाला २० दाते आणि चेनला १०० कड्या धरल्या, तर इंजिन मिनिटाला २००० फेरे घेत असताना प्रत्येक कडी मिनिटात ४०० वेळा इंजिनाची वारी करते. आपण नुसते सिग्नलला उभे असलो तरी तिची वारी थांबत नाही, थोडी हळू होते इतकंच.

'चेन ताणली' असं सगळेच म्हणतात, मीही म्हणतो. पण पोलाद रबरासारखं ताणलं जात नाही. झिजतात त्या कड्यांमधल्या पिना आणि त्यांच्याभोवतीचे बुश. सायकलवाल्यांना हे पक्कं ठाऊक आहे. नव्या चेनच्या चोवीस जोडांचं अंतर बरोबर बारा इंच भरतं, जुनीचं त्याहून जास्त. प्रत्येक जोडात मिलिमीटरचा पन्नासावा भाग झीज झाली, तर शंभर जोडांची मिळून दोन मिलिमीटर होते. तेवढा ढिलावा कुठेतरी जाणारच. तो खाऊन टाकायला टेन्शनर असतो: आत दट्ट्या, त्याच्यामागे स्प्रिंग आणि ऑइलचा दाब. दट्ट्या प्लॅस्टिकच्या पट्टीला ढकलतो आणि पट्टी चेनला दाबून धरते.

म्हणजे चेन सरळ राहते ती ऑइलच्या जोरावर. माझं तर मत असं की चेनचं दुखणं म्हणून जे गॅरेजमध्ये येतं, त्यातलं बरंचसं मुळात ऑइलचं दुखणं असतं. फियाटचं १.३ लिटरचं मल्टिजेट घ्या. हे १२४८ सीसीचं डिझेल इंजिन २००३ साली आलं. आपल्याकडे स्विफ्टपासून इंडिका विस्टापर्यंत इतक्या गाड्यांत बसलं की लोक त्याला 'राष्ट्रीय इंजिन' म्हणू लागले. पुण्याजवळ रांजणगावला ते बनायचं, मारुतीसाठी मानेसरला. २०२० साली बीएस-६ आलं आणि मारुतीने डिझेलच सोडलं, पण जुन्या गाड्या अजून रस्त्यावर भरपूर आहेत. या इंजिनात बेल्ट नाही, चेन आहे. बेल्टचं बरं असतं: किती किलोमीटरला बदलायचा ते पुस्तकात छापलेलं असतं. चेनला 'इंजिनाच्या आयुष्याइतकी' म्हणून मोकळं सोडतात आणि मालकही निर्धास्त होतो. पण डिझेलच्या ऑइलमध्ये काजळी साठते, त्याबद्दल गेल्या आठवड्यात लिहिलंच आहे. ऑइल बदलायला पाच-सात हजार किलोमीटर उशीर झाला की तीच काजळी पिना-बुशमध्ये पॉलिश पेपरसारखी फिरते. चेन आयुष्यभराची असते हे खरं, पण ऑइल वेळेवर बदलणाऱ्याच्या आयुष्यभराची.

आता वेळेकडे वळू. रात्रभर उभी गाडी सुरू करताना दोन सेकंद खडखड आणि मग शांतता, याचा अर्थ टेन्शनरमधलं ऑइल रात्रीत खाली उतरलं आणि दाब यायला वेळ लागला. डब्याच्या फिल्टरमध्ये ऑइल मागे जाऊ नये म्हणून रबराची झडप असते. स्वस्तातल्या फिल्टरमध्ये ती कडक होते किंवा नीट बसतच नाही. तेव्हा पहिला संशय तिच्यावर, नंतर डिपस्टिकवर, मग ऑइलच्या ग्रेडवर आणि शेवटी टेन्शनरवर. खुद्द चेनचा नंबर त्याही पुढचा.

गाडी चांगली तापल्यावर सिग्नलला खडखड परत येत असेल तर गोष्ट वेगळी. गरम ऑइल पातळ झालेलं, इंजिन हळू फिरतंय, म्हणजे दाब सगळ्यात कमी असतो तो तेव्हा. अशा वेळी मीटर लावून दाब मोजल्याशिवाय पुढे जाऊ नये. आणि पाय ॲक्सिलरेटरवरून काढला की मधल्याच कुठल्यातरी वेगाला कव्हरच्या बाजूने फटफट येत असेल, तर चेन पट्टीवर आपटते आहे असं धरायला हरकत नाही. सतत एका लयीत टिकटिक असेल तर आधी टॅपेट आणि इंजेक्टर बघावेत.

आवाजाची जागा शोधायला जुन्या मिस्त्रींचं हत्यार अजून चालतं: लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक कव्हरला, मूठ कानामागच्या हाडाला. बाहेरचा बेल्ट फिरत असतो, तेव्हा बाही आणि ओढणी सांभाळून. अल्टरनेटरची पुली आणि वॉटर पंपाचं बेअरिंगही तिथेच, चेनच्या शेजारी असतं आणि हुबेहूब नक्कल करतं. म्हणून बाहेरचा बेल्ट काढून थंड इंजिन दहा-पंधरा सेकंद चालवून बघतात. आवाज गेला तर चेन निर्दोष. त्याहून जास्त वेळ चालवू नये, कारण बऱ्याच गाड्यांत वॉटर पंपही त्याच बेल्टवर असतो.

मग येतो स्कॅनर. पी ००१६ हा कोड दिसला की काही ठिकाणी लगेच चेन किटची ऑर्डर जाते. कोड एवढंच म्हणतो की क्रँक आणि कॅम या दोन सेन्सरांच्या साक्षी जुळत नाहीत. चेन कॉम्प्युटरला दिसत नाही. साक्ष खोटी ठरण्याचं कारण सेन्सर असू शकतं, उंदराने कुरतडलेली वायर असू शकतं, किंवा कॅमची वेळ मागेपुढे करणाऱ्या व्हॉल्व्हमध्ये अडकलेली घाणही. ज्याच्याकडे ऑसिलोस्कोप आहे तो दोन्ही सेन्सरांच्या लहरी एकाखाली एक ठेवून पाहतो, आणि चेन एक दात जरी सरकली असेल तरी लगेच पकडतो. कॅमच्या चाकाला ४० दाते असतील तर एक दात म्हणजे कॅमचे ९ अंश आणि क्रँकचे १८. एवढ्यावर पिकअप पडतो. आणखी एक-दोन दात गेले तर पिस्टन व्हॉल्व्हला भिडण्याची भीती. मल्टिजेटमध्ये अशा वेळी अनेकदा आधी रॉकर मोडतात आणि फ्यूजसारखं स्वतः जाऊन कधीकधी व्हॉल्व्ह वाचवतात. त्या भरवशावर मात्र कुणी राहू नये.

ऑइल काढल्यावर चेंबरमध्ये किंवा कापलेल्या फिल्टरमध्ये प्लॅस्टिकचे तुकडे सापडले, तर चर्चा संपली. पट्टी तुटते आहे. सेल्फही मारू नका, गाडी टो करून न्या. मग चेन, टेन्शनर, पट्ट्या आणि चाकं सगळं एकत्रच बदला. झिजलेल्या दात्यांवर नवी चेन चढवणं म्हणजे मजुरी दोनदा देणं.

एक जाता जाता. काही इंजिनांत दट्ट्या मागे सरकू नये म्हणून खटका नसतो. अशी गाडी चढावर नुसती गिअरमध्ये उभी केली, ती मागे रेलली आणि इंजिन उलटं थोडं फिरलं, तर ढिली चेन दात सोडू शकते. म्हणून आधी हँडब्रेक ओढा आणि गाडीचा भार त्यावर येऊ द्या, गिअर नंतर.

काकांच्या गाडीत आम्ही कव्हर उघडलंच नाही. मागच्या सर्व्हिसला कुणीतरी बिननावाचा फिल्टर लावला होता. तो काढला आणि पुस्तकातल्या ग्रेडचं ऑइल भरलं. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला काका, मी आणि मामा बॉनेटभोवती उभे. आवाज आला, पण अर्धा सेकंदच. पूर्ण गेला नाही, म्हणजे टेन्शनरही थोडा थकलेला असावा. तो पुढच्या ऑइल बदलाला काढून बघायचा ठरलाय. तोवर मामांना सांगून ठेवलंय: सेल्फ मारल्यावर मनात तीन अंक मोजायचे, त्यानंतरही वाजत राहिलं तर काकांना थांबवायचं.

पुढच्या आठवड्यात टायमिंग बेल्ट.