साम, सांत्वन आणि अनुनय

रागावलेल्याला शांत करणे, शोकाकुलाला धीर देणे, रुसलेल्याची समजूत काढणे आणि बलवानाची मर्जी राखणे ही चार कामे वरवर पाहता एकाच जातीची वाटतात. चारही प्रसंगी दुसऱ्याच्या मनातील क्षोभ शमवावयाचा असतो आणि त्याचे साधन बहुधा शब्द हेच असते. तथापि या शब्दांचे भाषांतर करू लागले म्हणजे त्यांतील अंतर जाणवते. कोण कोणाला शांत करीत आहे, क्षोभाचे कारण कोणते आणि दोघांपैकी कोण कोणाच्या अधीन आहे, या तीन गोष्टी ठरविल्यावाचून योग्य प्रतिशब्द हाती लागत नाही. केवळ कोश पाहून शब्द योजला तर पुष्कळदा अर्थाबरोबर त्या दोन माणसांमधील नातेही बदलून जाते.

संस्कृतातील ‘साम’ हा शब्द प्रथम घेऊ. साम, दान, भेद आणि दंड या चार उपायांतील हा पहिला उपाय होय. कौटिल्याच्या अर्थशास्त्रातील राजपत्रांविषयीच्या अध्यायात सामाचे पाच प्रकार सांगितले आहेत. समोरच्याच्या गुणांची प्रशंसा करणे हे गुणसंकीर्तन. कुळाची, विद्येची वा मैत्रीची नाती सांगणे हे संबंधोपाख्यान. एकमेकांवर केलेले उपकार दाखविणे हे परस्परोपकारसंदर्शन. पुढे दोघांचेही हित होईल अशी आशा दाखविणे हे आयतिप्रदर्शन. आणि जे माझे आहे ते तुझेच समज, असे म्हणणे हे आत्मोपनिधान. यांत कोठेही लाचारी नाही. समान पातळीवरून, किंबहुना सामर्थ्य राखूनही, दुसऱ्याला आपलेसे करण्याची ही रीत आहे. म्हणून ‘साम’ या शब्दासाठी ‘विनवणी’ किंवा ‘मनधरणी’ असा प्रतिशब्द दिल्यास राजा याचक होऊन बसतो.

अमरकोशात ‘साम’ आणि ‘सांत्व’ हे समानार्थी दिलेले आहेत. या ‘सांत्वा’शी जोडलेला ‘सांत्वन’ हा शब्द मराठीतही आहे; परंतु त्याचे क्षेत्र बदलले आहे. मंत्रणागृहात वावरणारा हा शब्द मराठीत मुख्यतः शोकाच्या घरी आला. कोणी मृत्यू पावले असता किंवा मोठी आपत्ती कोसळली असता सांत्वन केले जाते. रामायणाच्या किष्किंधाकांडात संतापलेला लक्ष्मण सुग्रीवाच्या दाराशी येतो आणि सुग्रीव त्याला शांत करण्यासाठी तारेला पुढे पाठवितो. या ठिकाणी तारेने लक्ष्मणाचे ‘सांत्वन’ केले असे मराठीत लिहिल्यास क्रोधाचा प्रसंग शोकाचा वाटू लागेल. ‘समजूत घातली’ किंवा ‘राग शांत केला’ असे साधे शब्द येथे तत्सम शब्दापेक्षा मूळ अर्थाच्या अधिक जवळ आहेत. शब्दाचे रूप तेच राहिले म्हणून अर्थही तोच राहिला असे धरून चालता येत नाही.

राजनीतीतील हेच उपाय प्रेमाच्या क्षेत्रातही आढळतात. दहाव्या शतकात माळव्याच्या मुंज राजाच्या आश्रयाला असलेल्या धनंजयाने ‘दशरूपक’ या ग्रंथात रुसलेल्या नायिकेचा ‘मान’ दूर करण्याचे सहा उपाय सांगितले आहेत. गोड बोलणे म्हणजे साम. तिच्या सखीला वश करून घेणे म्हणजे भेद. काही निमित्ताने अलंकार देणे म्हणजे दान. पाया पडणे म्हणजे नती. हे सारे निष्फळ झाल्यास दुर्लक्ष करणे म्हणजे उपेक्षा. आणि अकस्मात भय वा हर्ष उत्पन्न होऊन रुसवा विसरला जाणे म्हणजे रसांतर. राजनीतीच्या चार उपायांतील तीन येथे आले आहेत. चौथा, दंड, मात्र गाळला आहे. जेथे नाते राखावयाचे आहे तेथे शिक्षेला स्थान नाही, हे या यादीवरून सहज ध्यानात येते.

हा ‘मान’ बंगालीत आजही त्याच अर्थाने रूढ आहे. त्याच्याच जोडीचा ‘अभिमान’ हा शब्द बंगालीत आपल्याच माणसाने दुखविल्यामुळे आलेला रुसवा दर्शवितो. परक्याविषयी राग येतो. अभिमान जवळच्या माणसाविषयीच वाटतो. मराठीत मात्र अभिमान म्हणजे गर्व, आणि मानभंग म्हणजे अपमान. त्यामुळे बंगालीतील ‘मानभंजन’, म्हणजे रुसवा काढणे, हा शब्द जसाच्या तसा ठेवल्यास मराठी वाचकाला नायिकेचा अपमान झाला असे वाटेल. लिपी आणि धातू यांची ओळख येथे साहाय्य करण्याऐवजी दिशाभूल करते.

याउलट तमिळमधील ‘ऊडल’ हा शब्द मराठीला रूपाने अगदी अपरिचित, पण अर्थाने जवळचा आहे. प्रेमिकांतील लटका राग असा त्याचा अर्थ. तिरुक्कुरळमधील 133 अध्यायांपैकी अखेरचा अध्याय या ऊडलातून मिळणाऱ्या आनंदाविषयी आहे. ‘क्रोध’ हा प्रतिशब्द येथे जड होतो; ‘रुसवा’ या घरगुती मराठी शब्दात मात्र दोन्ही गोष्टी सामावतात: राग आणि तो काढला जाईल हा विश्वास.

सत्तेचा संबंध आला की शब्दनिवड अधिक जोखमीची होते. फारसीतून आलेल्या ‘दिलासा’ या शब्दात हृदयाला विसावा देण्याची कल्पना आहे. वरिष्ठाने कनिष्ठाला दिलेले आश्वासन त्यात सहज बसते. कनिष्ठाने वरिष्ठापुढे केलेल्या आर्जवाला मात्र दिलासा म्हणता येत नाही. तेथे मिनतवारी हाच शब्द योग्य.

इंग्रजीतील ‘अपीझमेंट’ या शब्दाचे उदाहरण या दृष्टीने बोधप्रद आहे. त्याच्या मुळाशी ‘शांती’ या अर्थाचा जुना फ्रेंच शब्द आहे. ब्रिटनचे पंतप्रधान नेव्हिल चेंबरलेन तो शब्द आपल्या धोरणासाठी चांगल्या अर्थाने वापरीत. सप्टेंबर 1938 मध्ये म्युनिक येथे चेकोस्लोव्हाकियाचा सुडेटेनलँड हा प्रदेश जर्मनीला देण्याचे ठरले. ज्याचा प्रदेश जाणार होता त्या राष्ट्राला वाटाघाटीत स्थान नव्हते. 15 मार्च 1939 रोजी जर्मन सैन्य प्रागमध्ये शिरले आणि त्याच वर्षी महायुद्ध सुरू झाले. तेव्हापासून तो शब्द निंदाव्यंजक झाला. हिंदीत त्यासाठी ‘तुष्टीकरण’ आणि मराठीत ‘अनुनय’ किंवा अधिक बोचरा ‘लांगूलचालन’ हे शब्द रूढ झाले. लांगूलचालन म्हणजे शेपूट हलविणे. स्वतःच्या धोरणाला हे नाव कोणी देत नाही. ते प्रतिपक्षाच्या धोरणालाच दिले जाते.

म्हणून चेंबरलेन यांच्या 1938 मधील भाषणाचे भाषांतर करताना त्यांच्या तोंडी ‘लांगूलचालन’ घालणे म्हणजे इतिहासाने नंतर दिलेला निकाल आरोपीच्या जबानीत घुसडणे होय. तेथे ‘शांतता प्रस्थापित करणे’ असेच लिहिले पाहिजे. त्यांच्या टीकाकारांच्या लेखनात मात्र तोच इंग्रजी शब्द आला तर तेथील मराठी शब्दाला धार हवी. एकाच ग्रंथात एका शब्दाला दोन प्रतिशब्द द्यावे लागले तरी भाषांतरकाराने संकोच करू नये. बोलणारा बदलला आणि काळ बदलला, ही गोष्ट वाचकापासून लपविण्याचा अधिकार त्याला नाही.