घळींच्या रानात नदीकाठचा मुक्काम

पुसद हे पूस नदीकाठचे गाव. ही नदी पुढे पैनगंगेस मिळते, आणि पैनगंगा म्हणजे पूर्वीच्या वऱ्हाडाची व निजामाच्या राज्याची सीमा. हिवाळ्याच्या सुटीत या नद्यांच्या परिसरात तंबू ठोकून दोन रात्री काढाव्यात, अशी हौस आता शहरातील कुटुंबांनाही वाटू लागली आहे. हौस चांगली आहे. मात्र जेथे नळ, दिवा व शौचकूप यांपैकी काहीच नाही, तेथे पहिला विचार जागेचा करावा लागतो.

नदीकाठच्या घळी कशा होतात, हे आधी ध्यानात घ्यावे. काळी माती उन्हाळ्यात तडकते. वळवाचे पाणी त्या भेगांत शिरून आतल्या आत माती धुऊन नेते व जमिनीखाली पोकळी होते. एके दिवशी पोकळीचे छत खचते, तीच घळ. पावसागणिक तिला फाटे फुटतात आणि अखेरीस नांगर धरण्याजोगी सपाटी उरत नाही. भूगोलवेत्ते अशा जमिनीस उत्खातभूमी म्हणतात. तापी व पूर्णा यांच्या गाळाच्या काठांवर तिचा मोठा विस्तार आहे. अमेरिकेतील डाकोटामध्येही तसाच मुलूख पसरलेला असून, तेथील लाकोटा लोकांनी त्यास दिलेल्या नावाचा अर्थ ‘वाईट जमीन’ असाच आहे. आपल्या ओढ्यानाल्यांच्या मुखाशी त्याचेच लहान रूप भेटते.

आता गंमत अशी की, नवख्याला नेमका घळीचा तळच आवडतो. तेथे वारा लागत नाही, वाळू मऊ असते, आडोसाही मिळतो. पण ती वाळू पाण्यानेच आणून टाकलेली असते! आपल्या डोक्यावर चांदणे असताना दूरच्या टेकडीवर सर कोसळली, तरी लोंढा त्याच वाटेने येतो. हिवाळ्यात पाऊस कुठला, असे म्हणू नये. 2014 च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये विदर्भाने केवढी गारपीट सोसली! पैनगंगेवर तर वरच्या अंगास इसापूरचे धरण आहे. त्यातून पाणी सोडले की पावसावाचूनही पात्र चढते. झुडपांना अडकलेला काडीकचरा पाहावा. मागचा पूर कोठवर आला होता, हे तो सांगतो. तंबू त्याच्या बराच वर असावा. काठाच्या अगदी कडेलाही नको, कारण खालून पोखरलेली दरड माणसाच्या भाराने ढासळते. काठ जितका उंच, त्याच्या निदान दुप्पट मागे सरावे. उंचवट्यावर गारठाही कमी लागतो. थंड हवा रात्री खोलगट जागी साचते.

पाण्यासाठी वाळूत झिरा खणावा. तुरटीने किंवा निवळीच्या बीने गढूळपणा खाली बसतो, परंतु रोगजंतू मरत नाहीत. म्हणून पाणी निवळल्यावर खळखळून उकळावे व निदान एक मिनिट तसेच ठेवावे. शौचाचा खड्डा पाण्यापासून दोनशे फूट दूर आणि घळीबाहेर असावा. घळीतले सारे पहिल्या सरीबरोबर नदीत जाते. पैनगंगा अभयारण्याच्या हद्दीत वनखात्याच्या परवानगीवाचून मुक्काम करू नये व जाळही पेटवू नये.

एक भय मात्र हौशी मंडळी हसण्यावारी नेतात, आणि ते मला फार खटकते. मण्यार रात्री हिंडते व जमिनीवर निजलेल्यास पुष्कळदा झोपेतच दंश करते. वेदना इतकी थोडी की माणूस जागाही होत नाही. म्हणून बिछान्याखाली कडा नीट खोचलेली मच्छरदाणी हवीच, तंबूला अखंड तळ असला तरी. सकाळी कोणाच्या पापण्या जड झाल्या, बोलणे अडखळू लागले किंवा कारणावाचून पोट दुखू लागले, तर व्रण शोधीत बसू नये. दंशाची जागा कापू नये, चोखू नये, आवळून बांधू नये. त्या माणसास चालू न देता, दंशाचा अवयव हलणार नाही अशा बेताने, प्रतिविष असलेल्या रुग्णालयात तात्काळ न्यावे. असे रुग्णालय कोठे आहे व तेथवर वाहन कोणत्या वाटेने जाते, याची चौकशी तंबू ठोकण्यापूर्वी, दिवसाउजेडीच करून ठेवावी.