अंकीय रूपांतरकातील वीजबचत : वालधुनी नदीच्या संदर्भात

नोव्हेंबर २०१४ मध्ये वालधुनी नदीत सोडलेल्या रसायनाच्या वायूमुळे उल्हासनगरातील शेकडो नागरिकांना रुग्णालयात दाखल करावे लागले. अशा नदीच्या काठी बॅटरीवर चालणारा आम्लतामापक बसवावयाचा, तर संवेदकाचा संकेत अंकांत बदलणाऱ्या रूपांतरकाचा वीजवापर प्रथम विचारात घ्यावा लागतो. ० ते १४ या श्रेणीस दहा बिट पुरेसे होत. एक पायरी सुमारे ०.०१४ येते. त्यासाठी फ्लॅश पद्धतीत १,०२३ तुलनक एकाच वेळी कार्यरत असतात. क्रमिक सन्निकटन पद्धतीत तेच काम एकच तुलनक दहा टप्प्यांत करतो. मिनिटाला एक नोंद पुरत असता पहिल्या पद्धतीचा वेग निव्वळ उधळपट्टी ठरतो.

विद्युतदाब निम्मा केल्यास धारित्रांच्या प्रभारणाची ऊर्जा चतुर्थांश होते. मात्र संकेताचा आवाकाही निम्मा होतो. जेथे औष्णिक गोंगाट हीच मर्यादा असते, तेथे अचूकता टिकविण्यासाठी धारिता चौपट करावी लागते व बचत संपते. दहा बिटांपर्यंत ही अडचण सहसा जाणवत नाही.

खरा खर्च अन्यत्र आहे. रूपांतरणास दहा मायक्रोसेकंद लागले, तर उरलेले जवळजवळ संपूर्ण मिनिट मंडल निष्क्रिय असते आणि ट्रान्झिस्टरांतील गळतीप्रवाह बॅटरी रिती करीत राहतो. म्हणून दोन नोंदींच्या दरम्यान मंडलाचा पुरवठाच खंडित करणारा स्विच आवश्यक ठरतो.