घरचा सर्व्हर लावताय? डिस्क घेण्याआधी सॉफ्टवेअर ठरवा



ग्राहकांचे फोटो, डिझाईनच्या फाईली, तीन वर्षांची बिलं... सगळं एकाच एक्स्टर्नल हार्ड डिस्कवर ठेवलंय ना? माझंही तसंच होतं. ती डिस्क एकदा टेबलावरून पडली आणि एका गिऱ्हाइकाच्या मुलीच्या हळदीचे फोटो गेले. पैसे परत दिले हो, पण हळद काही परत लागत नाही. तेव्हा जुन्या पीसीचा सर्व्हर केला. व्हिडिओत सॉफ्टवेअरचा भाग घाईत झाला, म्हणून इथे नीट लिहितो.

मशीन जुनं आणि रॅम कमी असेल तर डेबियनवर चालणारं, फुकट मिळणारं ओपनमीडियाव्हॉल्ट घ्या. घरात वेगवेगळ्या साईझच्या डिस्क पडून असतील तर अनरेड सोयीचं, पण त्याचं लायसन्स विकत घ्यावं लागतं. 8 जीबी किंवा जास्त रॅम आणि सारख्या दोन डिस्क असतील तर माझं मत ट्रूनॅसला.

कारण त्यातलं झेडएफएस. सन मायक्रोसिस्टिम्सने 2005 साली खुलं केलेलं हे तंत्र प्रत्येक ब्लॉकचा चेकसम ठेवतं. दोन डिस्कचा मिरर असेल आणि एकीवरचा फोटो गुपचूप खराब झाला, तर ते दुसरीवरून स्वतःच दुरुस्त करतं. साध्या मिररला कुठली प्रत खरी हेच कळत नाही! फक्त डिस्क घेताना एसएमआर प्रकारची नको, सीएमआर मागा. डिस्क बदलायची वेळ आली की एसएमआर रडवते.

आता सेटिंग. रेकॉर्डसाईझ मुळात 128 केबी असते; फोटो-व्हिडिओच्या डेटासेटला 1 एमबी करा. पण हे सुरुवातीलाच, कारण आधीच्या फाईलींना ते लागू होत नाही. कॉम्प्रेशन एलझेडफोर चालू ठेवा. जेपीजी त्याने लहान होणार नाहीत, हिशेबाच्या फाईली होतील. एटाइम बंद. डीडुप्लिकेशनच्या वाटेला जाऊ नका, रॅम खाऊन टाकतं. आणि रॅम भरलेली दिसली म्हणून घाबरू नका, झेडएफएस ती कॅश म्हणून वापरतं, गरज पडली की सोडतं.

एक सल्ला सगळीकडे मिळेल: वेग हवा तर सिंक बंद करा. वेग वाढतो, खरंय. पण लाईट गेली की शेवटच्या काही सेकंदांचं लिखाण गेलं, आणि समोरचा प्रोग्राम मात्र "सेव्ह झालं" म्हणून मोकळा. आपल्याकडे लाईट कधी जाईल सांगता येतं का? त्यापेक्षा यूपीएस घ्या.

महिन्यातून एकदा स्क्रब, रोज एक स्नॅपशॉट. मिरर म्हणजे बॅकअप नव्हे. चुकून डिलीट केलेली फाईल दोन्ही डिस्कवरून एकदमच जाते. म्हणून एक प्रत दुसऱ्या जागी ठेवाच. माझी भावाच्या घरी असते, दर रविवारी जेवायला जातो तेव्हा बदलतो.

सगळं लावून झालं की एखादी बिनकामाची फाईल मुद्दाम डिलीट करा आणि स्नॅपशॉटमधून परत आणून बघा. ती परत आल्याशिवाय गिऱ्हाइकाचा एकही फोटो त्यावर टाकू नका.